चढत्या खोलीची सजावट

फोर्टातील ज्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची कचेरी गेली कित्येक वर्षे आहे, तिच्या जिन्याखालच्या फळ्यावर मागील महिन्यात एक सूचना लागली. लिफ्टचा अंतर्भाग नव्याने सजवावयाचा असून त्याचे तीन नमुने मालकांच्या कचेरीत पाहावयास ठेविले आहेत, भाडेकरूंनी आपले मत महिनाअखेर लेखी कळवावे, असा तिचा आशय होता. आजवर या इमारतीत भाडेकरूंचे मत फक्त पाण्याच्या टाकीविषयी विचारण्यात आले होते. तेव्हा या अकल्पित सन्मानाने आम्ही किंचित चकित झालो आणि त्याच दिवशी नमुने पाहून आलो. पहिल्या नमुन्यात चकचकीत पोलाद व तिन्ही भिंतींस आरसे होते. दुसऱ्यात लाकडाची बतावणी करणारा सनमायका होता. तिसऱ्यात संगमरवरी फरशी आणि छतात दडविलेले दिवे होते. आवडनिवड ज्याची त्याची; परंतु तिन्ही चित्रांत सारखीच आढळलेली एक गोष्ट आमच्या मनातून जाईना. सध्याची लोखंडी जाळी त्यांपैकी एकातही नव्हती आणि लिफ्टमनचे स्टूलही नव्हते.

आमची लिफ्ट म्हणजे चोहो अंगांनी पारदर्शक असा एक पिंजरा होय. जिना तिच्याभोवती वळसे घेत वर जातो आणि मधल्या विहिरीत ती दोरांना लोंबकळत असते. कमरेपर्यंत सागवानी फळ्या, त्यांवर जाळी, मागील बाजूस कडा तासलेला एक जुना आरसा, पुढे घडीचे सरकते दार. एवढाच तिचा सरंजाम. दार ओढले की होणारा खडखडाट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ऐकू जातो, व त्यावरून लिफ्ट कोणत्या मजल्यावर आहे हे जुन्या कारकुनांस न पाहता सांगता येते. आमच्या घरची वडील माणसे लिफ्टला पाळणा म्हणत. आजच्या सरकारी मराठीत तिला उद्वाहन म्हणतात. शब्द निर्दोष आहे, पण पाळण्यात जे होते ते त्यात नाही. पाळणा म्हटला की तो हलविणारे कोणी तरी असते. आमच्या पाळण्याशी गेली अठ्ठावीस वर्षे एक रत्नागिरीकडचे गृहस्थ बसतात, त्यांना सारी इमारत मामा म्हणते. पूर्वी त्यांच्या हाती पितळेची मूठ असे. तिच्या जागी बटणे येऊनही आता बरीच वर्षे झाली.

मत द्यावयाचे तर ते विचारपूर्वक द्यावे, म्हणून आम्ही या चढत्या-उतरत्या खोलीचा इतिहास चाळू लागलो. दोन दिवसांत संपेल असे वाटलेले हे काम तीन आठवडे पुरले. कारण लवकरच आमच्या ध्यानात आले की लिफ्टचे यंत्र आणि लिफ्टची खोली यांचे इतिहास निरनिराळे आहेत. यंत्राचा इतिहास सर्वत्र सांगितला जातो. खोलीचा इतिहास मात्र, प्रवाशाच्या नजरेपासून काय दूर ठेवावे या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि त्याचे उत्तर दर पिढीने निराळे दिले आहे.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी १७४३ साली व्हर्सायच्या राजवाड्यात एक उडती खुर्ची बसविली होती. ती माणसे समतोल वजनांच्या साहाय्याने हातांनी ओढीत. १८२३ साली लंडनमध्ये पैसे घेऊन लोकांना उंच नेणारी व शहराचा देखावा दाखविणारी एक ‘चढती खोली’ होती. परंतु माल चढविणारे पाळणे कारखान्यांत सर्रास असूनही माणसे त्यांत बसावयास धजत नसत, याचे कारण उघड होते: दोर तुटतो. एलिशा ग्रेव्ह्ज ओटिस याने लिफ्ट शोधून काढली असे जे शाळकरी पुस्तकांत लिहितात ते बरोबर नाही. त्याने शोधून काढला तो दोर तुटताच पाळणा जागच्या जागी धरून ठेवणारा अडसर. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात स्वतः फळीवर उभे राहून त्याने हजारो लोकांसमक्ष वरचा दोर तोडविला, आणि फळी किंचित घसरून थांबली. तीन वर्षांनी, २३ मार्च १८५७ रोजी, ब्रॉडवेवरील हॉवट यांच्या चिनी मातीच्या व काचसामानाच्या पाच मजली दुकानात त्याची पहिली उतारूंची लिफ्ट सुरू झाली. वाफेवर चालणारी ती लिफ्ट मिनिटाला सुमारे ४० फूट चढे. म्हणजे धडधाकट माणूस जिन्याने तिच्या आधी पोचला असता. पण दुकानात येणाऱ्या स्त्रियांना धापा टाकीत काचेच्या हंड्या पाहाव्या लागू नयेत, हा मालकाचा हेतू साधला.

अडसराने बुद्धीची खात्री पटली, परंतु पोटात येणारा गोळा काही बुद्धीच्या ताब्यात नसतो. जीव टांगणीला लागणे हा आपल्याकडील वाक्प्रचार ज्या अवस्थेसाठी आहे, ती अक्षरशः भोगावयास लावणारी ही खोली होती. म्हणून भीती घालविण्याचे जे काम यंत्राला पुरतेपणी साधले नाही, ते सुताराकडे आणि गादीवाल्याकडे आले. १८५९ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात ओटिस टफ्ट्स नावाच्या दुसऱ्याच एका कल्पक पुरुषाने दोराचा प्रश्नच उडवून दिला. त्याने इमारतीच्या उंचीएवढा आटे पाडलेला लोखंडी खांब उभा केला आणि बोल्टावर नट चढावा तशी खोली त्यावर चढविली. ती ‘उभी आगगाडी’ अतिशय मंद व खर्चिक असल्याने तिचा प्रसार झाला नाही. पण तिची खोली मात्र चिरंजीव ठरली. ती चोहोंकडून बंद असून भिंतीलगत बसावयास बाके होती. दिवाणखान्यात बसल्यासारखे बसावे, आणि उठून दार उघडावे तो दुसराच मजला! उतारूस आपण अधांतरी आहोत याची आठवणच होऊ द्यावयाची नाही, ही युक्ती हॉटेलवाल्यांस मानवली. याच सुमारास पीटर कूपरने आपल्या कूपर युनियन या संस्थेची इमारत बांधताना, लिफ्ट अजून बाजारात आली नसताही, ती पुढे येणारच या विश्वासाने तिच्यासाठी विहीर ठेविली, आणि खोलीला सर्वांत सोयीचा आकार वाटोळाच असणार असे मानून ती वाटोळी ठेविली. द्रष्टेपणा व चूक ही एकाच विहिरीत इतकी शेजारी शेजारी क्वचितच आढळतील.

कचेऱ्यांची गोष्ट निराळी होती. १८७० साली न्यूयॉर्कच्या इक्विटेबल विमा कंपनीची इमारत उतारूंच्या लिफ्टसह उघडली. कचेऱ्यांच्या इमारतीत हा पहिलाच प्रयोग. त्यापूर्वी वरच्या मजल्यांना भाडे कमी येई, कारण पक्षकार तितके जिने चढत नसत. लिफ्ट आली आणि हिशेब उलटला. उजेड, हवा व शांतता वर. धूळ व गोंगाट खाली. आता या मजल्यांवर दिवसातून शेकडो माणसे चढवावयाची व उतरवावयाची, तेथे बाके व गाद्या काय कामाच्या? चालकाला मजला नेमका साधून थांबावयाचे तर बाहेरचे दिसले पाहिजे. कोण वर जाणारा उभा आहे, कोण खाली, हेही दिसले पाहिजे. म्हणून कचेऱ्यांच्या लिफ्टने दिवाणखाना टाकून पिंजरा पत्करला. जे दडवावयाचे होते ते उघडे पडले. एका दृष्टीने हा मनुष्याच्या धैर्याचा विजय होता. तीस वर्षांपूर्वी ज्या पोकळीच्या कल्पनेने लोकांना घेरी येई, तिच्याकडे पाहत आता कारकून वर्तमानपत्र वाचीत उभे राहू लागले.

या पिंजऱ्याला कलेचे रूप आले ते शिकागोत. त्या शहरातील ला साल स्ट्रीटवर रुकरी नावाची एक इमारत आहे. लिफ्टची सजावट बदलल्याने जुन्या कचेरीचे काय होते, हे पाहावयाचे तर तिच्याइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही. रुकरी म्हणजे कावळ्यांची वसाहत. १८७१ च्या भयंकर आगीत शहर जळाल्यावर त्या जागी, पाण्याची एक टाकी शिल्लक होती तिच्या आसऱ्याने, नगरपालिकेची तात्पुरती कचेरी उभारली होती. तिच्यावर पक्षी बसत व आत पुढारी बसत. नाव दोघांपैकी कोणावरून पडले हे शिकागोकरांनी मुद्दामच मोघम ठेविले आहे. १८८८ मध्ये डॅनिएल बर्नहॅम व जॉन वेलबॉर्न रूट या जोडीने तेथे नवी टोलेजंग इमारत पुरी केली. रूटने नाव टाकले नाही, उलट दगडी प्रवेशद्वारापाशी दोन कावळे कोरविले.

तिची रचना वाड्यात वाढलेल्या माणसास तत्काळ समजेल. चारी बाजूंस कचेऱ्या, मध्ये चौक. चौकाच्या खालच्या दोन मजल्यांवर काचेचे छप्पर, आणि त्यातून गाळून येणारा उजेड. या उजेडात रूटने लोखंडाचे जे काम केले ते वेलबुट्टीसारखे नाजूक होते. कठडे, तुळया, जिने, सारे सच्छिद्र. लिफ्टही उघड्या जाळीच्या. उजेड अडवील अशी एकही वस्तू शक्यतो ठेवावयाची नाही, हा जणू त्याचा नेम होता. हा गुणी पुरुष १८९१ साली अवघ्या ४१ व्या वर्षी वारला.

इमारतीला पुरती सतरा वर्षे झाली नाहीत तोच ती मालकांना जुनाट दिसू लागली. १९०५ साली नूतनीकरणाचे काम फ्रँक लॉइड राइटकडे आले व ते दोन वर्षे चालले. राइट पुढे जगप्रसिद्ध झाला. त्या काळी तो चाळिशीच्या आतला होता, आणि पूर्वी त्याची स्वतःची कचेरीही याच इमारतीत होती. त्याने रूटची बरीचशी लोखंडी वेलबुट्टी उतरविली, कठड्यांना सरळ भौमितिक रेषा दिल्या आणि लोखंडी खांबांस पांढऱ्या संगमरवराची वस्त्रे नेसविली. त्या संगमरवरावर त्याने सोनेरी नक्षी कोरविली; पण ती नक्षी त्याने मनची घेतली नाही. रूटच्याच प्रवेशद्वारावरील एक आकृती उचलून ती त्याने आत आणली. ज्याचे काम आपण झाकीत आहोत त्याचीच सही वर ठेवावयाची, ही दिलदारी नूतनीकरण करणाऱ्यांत फार थोड्यांच्या ठिकाणी असते.

१९३१ मध्ये तिसरी पाळी आली. राइटचाच एक जुना सहकारी विल्यम ड्रमंड याच्याकडे हे काम होते. दोन मजली उंच प्रवेशदालने त्याने मध्ये छत घालून दुभागली, आणि लिफ्टचे उघडे पिंजरे जाऊन भरीव दारांच्या बंद खोल्या आल्या. अॅनेट बर्न या कलावतीने त्या दारांवर पक्षी रेखिले. आम्हांस या पक्ष्यांचे फार कौतुक वाटते. रूटचे कावळे दगडात, दाराबाहेर होते. तेच आता लिफ्टच्या दारावर येऊन बसले. जाळी गेली, उजेड गेला, पण इमारतीचे नाव मात्र कोणी तरी आठवणीने राखले. पुढे १९४० नंतरच्या दशकात चौकावरचे काचेचे छप्परही झाकून टाकण्यात आले, आणि रूटचा उजेड पुरताच मावळला.

तो परत आला १९९२ साली. इमारत तोवर राष्ट्रीय वारसा ठरली होती, तेव्हा जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो आमच्या भाडेकरूंच्या सभेपुढेही आहे, फक्त आम्हांला तो प्रश्न आहे हे कळलेले नाही. मूळ रूप म्हणजे कोणते? रूटचे, राइटचे, की ड्रमंडचे? रूटचे आणावे तर राइटचा संगमरवर फोडावा लागेल. त्यांनी मुख्यतः राइटच्या काळाचा स्वीकार केला, छप्पर उघडले, आणि एका खांबाचा संगमरवर थोडासा उघडा ठेवून आतील रूटचे लोखंड दिसेल अशी व्यवस्था केली. एवढी लहानशी खिडकी ठेवण्यास किती विचार करावा लागला असेल, याची कल्पना ज्यांनी घरची जुनी भिंत फोडून पाहिली आहे त्यांनाच येईल.

सर्वच इमारतींचे दैव इतके चांगले नसते. याच ला साल रस्त्यावर थोडे पुढे लुई सलिव्हन व डँक्मार अॅडलर यांनी १८९४ साली पुरी केलेली शेअरबाजाराची इमारत होती. सलिव्हनने तिच्या लिफ्टच्या जाळ्या अशा घडविल्या होत्या की लोखंडाच्या बारीक पट्ट्यांत जणू बीजे अंकुरत आहेत. १९७२ साली ती इमारत पाडण्यात आली. रिचर्ड निकेल नावाचा एक छायाचित्रकार अनेक वर्षे सलिव्हनच्या पडत्या इमारतींची छायाचित्रे घेत असे व नक्षीचे तुकडे ढिगाऱ्यातून वाचवीत असे. १३ एप्रिल १९७२ रोजी तो या इमारतीत असाच शिरला असता वरचा भाग कोसळून त्याखाली सापडला. त्याचे शव जवळजवळ चार आठवड्यांनी हाती लागले. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्या लिफ्टच्या जाळ्या आज अमेरिकेतील संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. त्या तेथे सुरक्षित आहेत, सुंदरही दिसतात. परंतु त्यांच्यामागे काहीच वर जात नाही.

येथे कोणी म्हणेल की जुन्या जाळीचे हे कौतुक जाळीत बोट न सापडलेल्या माणसाचे आहे. आक्षेप खरा आहे. उघड्या जाळीतून लहान मुलाचा हात बाहेर जातो, पदर अडकतो. आणि आग लागली की उघडी विहीर धुराड्याचे काम करते, खालचा धूर पाहता पाहता वरच्या मजल्यांवर पोचवते. बंद खोली आणि भरीव दारे ही केवळ टूम म्हणून आली नाहीत. आमच्याच इमारतीत एका टपालवाल्याचे बोट घडीच्या दारात चेंगरलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्या दिवसापासून तो खडखडाट आम्हांस पूर्वीसारखा गोड लागत नाही.

बंद खोलीचे एक अपत्य मात्र अपूर्व निघाले. विहीर झाकली गेली, मजले दिसेनासे झाले; आता नजरेला टेकावयास चार भिंतींखेरीज काही उरले नाही. तेव्हा त्या भिंतींवरच सारी कला ओतावयाची, असे १९३० साली न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचा शिल्पज्ञ विल्यम व्हॅन अॅलन याने ठरविले. ७७ मजल्यांच्या त्या गगनचुंबी इमारतीत लिफ्टच्या दारांवर पंख्याप्रमाणे उमललेले कमळ नाना रंगांच्या लाकडांच्या पापुद्र्यांनी जडविले आहे, आणि आतील खोल्यांचे नमुनेही एकाच साच्याचे नाहीत. अक्रोड, मेपल, सॅटिनवुड, अॅश अशी देशोदेशीची लाकडे तेथे एकत्र आली. उतारू त्या पेटीत एखादे मिनिट उभा राहणार, तेवढ्यासाठी हा खटाटोप! पण विचार केला तर तेथील कारकुनाच्या दिवसात तेवढे एकच मिनिट असे होते की ज्यात त्याला करावयास काही काम नव्हते.

आता त्या पेटीतील ज्या माणसास मिनिटभर नव्हे, दिवसभर उभे राहावे लागे त्याच्याकडे वळू. त्याच्याविषयी शिल्पशास्त्राच्या पुस्तकांत फारसे काही सापडत नाही. सापडते ते अपघातांच्या बातम्यांत. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल कंपनीच्या शिवणकारखान्यास आग लागून १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्या वेळी जोसेफ झिटो व गॅस्पर मॉर्टिलालो हे दोघे लिफ्टमन ज्वाला दिसत असता पुन्हा पुन्हा वर गेले आणि लिफ्ट चालेनाशी होईपर्यंत त्यांनी मुली खाली आणल्या. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात एक लष्करी विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळले. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्ट चालविणारी तरुणी त्यात जखमी झाली. तिला खाली नेण्यासाठी दुसऱ्या लिफ्टमध्ये ठेविले, तो तिचेही दोर तुटले आणि ती ७५ मजले खाली गेली. ती वाचली. ओटिसने नव्वद वर्षांपूर्वी घालविलेली भीती त्या दिवशी एकदा खरी झाली, आणि तीही त्या खोलीत राबणाऱ्या मुलीच्या वाट्याला आली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे सुमारे १५,००० लिफ्टमन, द्वारपाल व इमारतींतील इतर नोकर संपावर गेले. लाखो लोकांना एक तर जिने चढावे लागले किंवा घरी बसावे लागले. सारे व्यापारी शहर त्रिशंकूसारखे झाले. संपकऱ्यांचे बळ किती आहे हे त्या आठवड्यात सर्वांना कळले, आणि दुर्दैव असे की मालकांनाही कळले. १९५० साली डॅलसच्या अटलांटिक रिफायनिंग बिल्डिंगमध्ये चालकावाचून चालणारी लिफ्ट सुरू झाली आणि पाहता पाहता तिचा सर्वत्र फैलाव झाला. तेव्हापासून लिफ्टच्या अंतर्भागात जे जे नवे आले ते बहुतेक सारे त्या गेलेल्या माणसाची जागा भरून काढण्यासाठी आले आहे. बटणांचा फळा हा त्याचा हात. मजल्यांचे आकडे हे त्याचे डोळे. संकटकाळचा टेलिफोन हा त्याचा धीर; आणि मंद संगीत व ध्वनिमुद्रित बाईचा आवाज हे त्याचे बोलणे. आरशांविषयी तर एक गोष्ट नेहमी सांगण्यात येते: लिफ्ट मंद आहे म्हणून कुरकुर करणाऱ्या भाडेकरूंना गप्प करण्यासाठी एका मालकाने लिफ्टच नव्हे तर लिफ्टजवळचे आरसे वाढविले व तक्रारी थांबल्या. ती इमारत कोणती हे सांगणारे कोणीही नाव घेत नाहीत, म्हणून आम्ही ही आख्यायिकाच समजतो. मात्र चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यास मागे न वळता बाहेर पडताना समोरच्या आरशाचा खरा उपयोग होतो.

नूतनीकरणाची एक बाजू अशी आहे की जिचा विचार चित्रे काढणारे क्वचितच करतात. दोरावर चालणाऱ्या लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला एक वजन असते. ते रिकाम्या खोलीचे वजन व तिच्या पुऱ्या भाराचा शेकडा ४० ते ५० इतका भाग मिळून होते. म्हणून यंत्राला सारे ओझे कधीच उचलावे लागत नाही, फक्त दोन पारड्यांतील फरक उचलावा लागतो. तराजूचाच हा न्याय. आता खोलीत संगमरवर बसविला, जाड आरसे लाविले, की एक पारडे जड झाले. मग समतोल वजन वाढवा, दोर तपासा, ब्रेक तपासा, ओटिसच्या अडसराची शक्ती पुन्हा मोजा. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे रिकामी खोली व तिचा मान्य भार यांची बेरीज शेकडा ५ हून अधिक वाढली, की तो फेरबदलच समजून सारी यंत्रणा नव्याने पारखावी लागते. हे न करता दुकानातून आणून चिकटविलेली शोभा म्हणजे दागिन्यांनी मान मोडणे होय. मालकांच्या तिसऱ्या नमुन्यातील संगमरवराखाली वजनाचा आकडा आम्ही शोधला, तो नव्हता.

मुंबईत या सर्वांचे पडसाद उशिरा, पण दाट उमटले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि शहरात विजेचा सार्वत्रिक पुरवठा शक्य झाला. पुढे १९१४ ते १९१८ या महायुद्धाच्या काळात बंदर विश्वस्तांनी समुद्रातून मिळविलेल्या जमिनीवर, जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली, बॅलार्ड इस्टेटची एकसारखी दगडी कचेऱ्यांची वस्ती उभी राहिली. तिसाच्या पुढे मास्टर, साठे व भुता या देशी शिल्पज्ञांची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत १९३६ साली झाली. आपली माणसे आपल्या कंपन्यांची गगनचुंबी घरे आता बांधू लागली, हा अभिमान त्या काळी लहान नव्हता. लिफ्ट इतक्या वाढल्या की १९३९ साली मुंबई प्रांतास त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. परवाना व निरीक्षण त्याने सक्तीचे केले. त्या कायद्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली आहे. २०१८ साली फोर्ट व मरीन ड्राइव्हकडील व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाला. परंतु वारसा म्हटला की आपली नजर घुमटांकडे, सज्ज्यांकडे व दर्शनी भिंतींकडे जाते. लिफ्टची खोली भिंतीच्या आत असते, ती रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून एखाद्या रविवारी ती उतरवून भंगारवाल्यास दिली तरी सोमवारी कोणी हळहळत नाही.

आमचे मत आम्ही लिहून दिले आहे. जाळी जशीच्या तशी राहावी असे आम्ही म्हटलेले नाही. त्या टपालवाल्याचे बोट आमच्या डोळ्यांपुढे होते. भरीव आणि आगीत टिकणारे दार बसवावे, पण त्यात उभी काच असावी, म्हणजे मजले जाता-येता दिसतील व अडकलेल्या माणसास बाहेरचा चेहरा दिसेल. विहिरीभोवतीची जुनी जाळी काढू नये, तिच्या आतून तशीच आगीत टिकणारी काच घालावी. सागवानी फळ्या व तो कडा तासलेला आरसा घासूनपुसून पुन्हा लावावा. संगमरवर नको, वजन आधी, शोभा मागाहून. आणि बटणे कितीही शहाणी असली तरी स्टुलापुरती जागा सोडावी, कारण तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध वकिलांस बटणापेक्षा हाताचा आधार अधिक लागतो, आणि इमारतीत कोण आले व कोण गेले याची नोंद मामांच्या डोक्याइतकी चोख दुसरीकडे कोठेही नाही.

पत्र देऊन परतताना आम्ही ते तिन्ही नमुने मामांना दाखविले. जे ठरेल त्यावर त्यांची भाकर अवलंबून, म्हणून आम्हांस थोडा संकोच वाटत होता. त्यांनी चष्मा लावून एकेक चित्र शांतपणे पाहिले, उलटून मागची बाजूही पाहिली. मग वर आमच्या पिंजऱ्याच्या छताकडे एकवार पाहून त्यांनी विचारले, “साहेब, यात पंखा कुठं दाखवलाय?”

आम्ही पुन्हा चित्रे पाहिली. तिन्हींत पंखा नव्हता. जाळी होती तोवर वारा आपोआप येत असे. दुसऱ्या दिवशी आम्ही मालकांच्या कचेरीत जाऊन आपल्या पत्राला एक ताजा कलम जोडून आलो.